‘फ्रॅजाइल’चा स्टिकर लावल्याने माल वाचत नाही : एअरगनच्या खोक्याकडून शिकण्यासारखं बरंच काही



पॅकिंगवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच : “सर, फ्रॅजाइलचा स्टिकर कुठल्या बाजूला लावायचा?” माझं उत्तर अनेकांना आवडणार नाही. कुठंही लावा, काही फरक पडत नाही. लाल स्टिकरवर तुम्ही जेवढा विचार करता, त्याच्या निम्मा विचार खोक्याच्या आत काय चाललंय याचा केलात, तर वर्षाअखेरीस चार पैसे जास्त उरतील.

आज उदाहरण घेतोय एअरगनचं. आपल्यातले काही जण स्पोर्ट्सच्या वस्तूंचं दुकान चालवतात, काही जण एअरगनची दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग करतात, आणि बाहेरगावच्या ऑर्डरी वाढतायत. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं. आपल्या कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे अशी नेमबाजांची रांगच दिली. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मुलगाही आज एअर रायफल मागवतो. ती त्याच्या घरी धड पोचली पाहिजे.

तुम्ही एअरगन विकत नसाल तरी वाचा. लांब, जड, एका टोकाला नाजूक आणि मधे बारीक अशी ही वस्तू आहे. जिला ही नीट पॅक करता आली, तिला समई, तंबोरा, शिलाई मशीन, लोणच्याची बरणी काहीही पॅक करता येईल.

माल नेमका कुठं मोडतो?

आपल्याला वाटतं, पार्सल फेकलं म्हणून मोडलं. फेकलं तर जातंच. हबमध्ये पट्ट्यावरून घसरतं, गाडीत पोत्यांखाली जातं, उतरवताना हातातून सुटतं. रात्री दोन वाजता हजार पार्सलं उतरवणारा पोरगा तुमचा स्टिकर वाचत बसणार नाही. त्याला तुम्ही शिकवू शकत नाही, त्याचा पगार तुम्ही देत नाही. मग जे आपल्या हातात नाही त्यावर धंदा कशाला उभा करायचा?

आपल्या हातात आहे ते खोक्याच्या आतलं. आणि आत एअरगन मोडते ती ठरलेल्या जागांवर.

पहिली जागा म्हणजे दस्त्याचा बारीक भाग, चापाच्या मागे, जिथं आपण हाताने पकडतो. पुढे लोखंडी नळीचं वजन, मागे लाकडाचं वजन, आणि मधे ही बारीक मान. खोकं टोकावर आपटलं की दोन्हीकडचं वजन या मानेवर येतं आणि लाकूड रेषेत चिरतं. काही वेळा चीर इतकी बारीक असते की ग्राहकाला ती आठ दिवसांनी दिसते. मग भांडण, की ही कुणी केली?

दुसरी जागा पुढची साइट, म्हणजे नळीच्या तोंडावरची माशी. ती खोक्याच्या टोकाला सगळ्यात जवळ असते. नळीचं तोंड आतून पुठ्ठ्यावर सुरीसारखं आपटत राहतं आणि दोनशे किलोमीटरनंतर खोक्याला भोक पाडून बाहेर डोकावतं.

तिसरी जागा स्कोप, म्हणजे दुर्बीण. ती बंदुकीवर बसवलेली राहिली तर वरून पडणारं प्रत्येक ओझं तिच्यावरच येतं. काच फुटली तर निदान कळतं तरी. माउंट जरासा हलला तर कळत नाही. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघा ०.५ मिलिमीटरचा. तुमच्या दृष्टीने “काही झालं नाही हो, वरून एकदम नवी आहे”, आणि तिकडे त्या पोराचा नेम दर वेळी बोटभर बाजूला. तो तक्रार करणार नाही कदाचित. पण पुन्हा तुमच्याकडे येणार पण नाही.

चौथी गंमत बघा. कित्येकदा बंदूक मोडते ती सोबत पाठवलेल्या छर्‍यांच्या डबीमुळे. शिशाचे छर्रे, डबी छोटी पण वजनदार. ती आत सुटी टाकली की प्रवासभर हातोडीसारखी दस्त्यावर ठोके देते. आपणच आपल्या मालात हातोडी ठेवून खोकं बंद केलं, मग दोष कुणाचा?

पॅकिंगच्या आधीचं काम

खोकं हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं वस्तूला द्या.

बंदूक रिकामी आहे ना, नळीत छर्रा नाही ना, हे उघडून डोळ्यांनी बघा. “मला माहितीये, रिकामी आहे” हे चालणार नाही. स्प्रिंगची बंदूक असेल तर ती ताणलेल्या अवस्थेत कधीही पाठवू नका. स्प्रिंग तर खराब होतेच, शिवाय उघडणाऱ्याच्या बोटाला धोका. हवेची टाकी असलेली पीसीपी असेल तर टाकी भरलेली पाठवायची नाही. अशा टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो आणि दाबाखालचा वायू हा विमानवाहतुकीत धोकादायक माल धरला जातो. टाकी कशी रिकामी करायची ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तसंच करा आणि “टाकी रिकामी आहे” अशी चिठ्ठी आत ठेवा.

स्कोप काढा. दस्ता दोन-तीन स्क्रूंवर सुटत असेल आणि ग्राहकाला परत बसवता येत असेल, तर तोही वेगळा करा. सगळ्यात नाजूक मानेवरचं वजनच निघून जातं आणि खोक्याची लांबीही कमी होते. स्क्रू छोट्या पाउचमध्ये, पाउच दस्त्याला चिकटवून. ग्राहकाला ते जमणार नसेल तर मात्र उगाच सुटे भाग पाठवून त्याची परीक्षा घेऊ नका.

मग गंज. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली. पॅक करताना लोखंडाला लागलेला हाताचा घाम पुरेसा आहे, चार दिवसांत बोटांचे ठसे तांबडे उमटतात. कापडाने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि तोंड बंद करा. पंधरा-वीस रुपयांचं काम.

आता खोकं

तीन प्लायचं खोकं टी-शर्टसाठी ठीक आहे. बंदुकीला पाच प्लाय घ्या. लांब खोक्याचा खरा शत्रू म्हणजे मधे वाकणं. दोन टोकांवर टेकलेलं आणि मधे ओझं पडलेलं खोकं धनुष्यासारखं वाकतं, आणि आतली वस्तूही त्याच्याबरोबर. म्हणून तळाला लांबीभर प्लायवूडची पातळ पट्टी किंवा दुहेरी पुठ्ठा द्या. नुसत्या नळीसाठी प्लंबरच्या दुकानातला पीव्हीसी पाइपही मस्त काम करतो.

आत काय भरायचं? बबल रॅपवर आपला फार जीव. पण बबल रॅप हलक्या वस्तूंसाठी आहे. तीन किलोचं लोखंड त्यावर चार वेळा आपटलं की बुडबुडे फुटतात आणि उरतो नुसता प्लास्टिकचा कागद. ओरखडे पडू नयेत म्हणून एक थर गुंडाळा, झटका झेलायचं काम त्याला देऊ नका. थर्माकोल पहिला मोठा मार झेलतो आणि फुटतो, दुसऱ्या माराला तिथं काही उरत नाही. वर ग्राहकाच्या घरभर पांढरे दाणे. वर्तमानपत्राचे बोळे दाबले की दबून राहतात, परत फुगत नाहीत.

जड वस्तूला लागतो ईपीई फोम, तोच पांढरा, दाबला की परत वर येणारा. पत्रे विकत घ्या, कटरने कापा. दोन्ही टोकांना निदान पाच सेंटिमीटर जाडीच्या टोप्या करा. एक नळीच्या तोंडाची, एक दस्त्याच्या बुडाची. नळीच्या टोपीत आधी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची एक चकती ठेवा, म्हणजे तोंड फोमला भेदून जाणार नाही. मधे दोन-तीन ठिकाणी बंदुकीच्या आकाराची खाच कापलेले ठोकळे. बारीक मानेच्या दोन्ही बाजूंना ठोकळा हवा, म्हणजे मान अधांतरी राहणार नाही. स्कोप आणि छर्‍यांची डबी स्वतंत्र छोट्या खोक्यांत, आणि ती खोकी मोठ्या खोक्यात पक्की अडकवलेली.

झाकण लावा आणि खोकं कानाशी धरून हलवा. काहीही वाजलं, सरकलं, तर परत उघडा.

टेपच्या बाबतीत कंजुषी नको. दोन इंची टेप मधल्या फटीवरून आणि दोन्ही टोकांच्या कडांवरून, असा इंग्रजी ‘एच’चा आकार. पावसाळ्यात बाहेरून एक प्लास्टिकचं आवरण, कारण पुठ्ठा भिजला की पाच प्लाय असो की सात, त्यातला जीव जातो.

पण म्हणून डोंगर रचू नका

हे वाचून काही जण दुप्पट मोठं खोकं आणतील आणि त्यात फोमचा डोंगर रचतील. तेही चूकच.

कुरियर पैसे घेतं ते वजनाचे किंवा आकारमानाचे, जे जास्त असेल त्याचे. बहुतेक ठिकाणी हिशोब असा : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. काहींचा भाजक वेगळा असतो, तुमच्या कुरियरला विचारून घ्या. आता ११० सेंटिमीटरच्या बंदुकीला बेताचं खोकं लागतं १२० × २४ × ११. हिशोब येतो ६.३ किलो. तीच बंदूक दुकानात पडलेल्या १३० × ३५ × २० च्या खोक्यात घातली तर १८.२ किलो. बंदूक तीच, तीन किलोची. सुमारे बारा किलोचे पैसे तुम्ही रिकाम्या हवेचे भरताय.

म्हणून माझं म्हणणं ‘जास्त पॅकिंग करा’ असं नाहीच. मापाचं पॅकिंग करा. तुमच्याकडे तीन-चार मॉडेलं जात असतील तर त्या मापाची खोकी बनवून घ्या. भोसरी असो, गोकुळ शिरगाव असो की सातपूर, जवळच्या एमआयडीसीत खोकीवाला सापडतोच. तो किमान किती नग करतो ते विचारा, दोघा-तिघा दुकानदारांनी मिळून ऑर्डर द्या.

पैशांचं गणित, खरं-खरं

“सर, एवढं केलं तर परवडतं का?” चला, कागद घ्या. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा साधी स्प्रिंगची बंदूक तुम्ही ९,००० ला विकता आणि सगळा खर्च जाऊन ८०० रुपये उरतात. आत्ताचं पॅकिंग १०० रुपयांचं, मी सांगतोय ते ३०० चं. म्हणजे दर ऑर्डरमागे २०० जास्त. एक दस्ता मोडून आला तर नवा दस्ता १,५००, परत येण्या-जाण्याचं कुरियर ९००, पुन्हा पॅकिंग १००. झाले २,५००. तीन बंदुकांचा नफा गेला.

आता प्रामाणिकपणे बघा. २०० रुपये गुणिले १२ म्हणजे २,४००. म्हणजे तुमच्या बारा बंदुकांत एक मोडत असेल, तर नुसत्या रुपयांतही नवं पॅकिंग वसूल. पन्नासात एक मोडत असेल, तर नुसत्या रुपयांत ते महाग पडतं. हे मी लपवणार नाही. पण त्या हिशोबात दोन गोष्टी नाहीत. एक, तो न बोलता निघून गेलेला ग्राहक. दुसरी, महागडा माल. ३५,००० च्या पीसीपीचा स्कोप आणि झडप दुरुस्त करायला ८,००० लागले, तर चाळीसात एक मोडली तरी २०० रुपये वसूल होतात. म्हणून सरसकट एकच पॅकिंग ठेवू नका. मालाच्या किमतीप्रमाणे दोन पातळ्या ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा. आणि हो, आधी मोजा. गेल्या शंभर पार्सलांत किती मोडली हा आकडा ज्याच्या वहीत नाही, त्याने परवडतं की नाही यावर वाद घालू नये.

पाडून बघा

खोकं चांगलं झालं की नाही हे ग्राहकाच्या दारात कळण्यापेक्षा आपल्या गोदामात कळलेलं बरं. पॅकिंगच्या चाचण्यांची जगभर मान्य अशी आयएसटीए नावाची मानकं आहेत. त्यातल्या पहिल्या, साध्या चाचणीत खोकं दहा वेळा पाडतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्याला उंची असते ७६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ओट्याएवढी.

नवी बंदूक पाडायची गरज नाही. तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच वजनाची फळी आणि लोखंडी पाइप एकत्र बांधा. साइटच्या जागी, मानेच्या जागी आणि बुडाला शाळेतला एकेक खडू टेपने चिकटवा. पॅक करा, दहा वेळा पाडा, उघडा. खडू अख्खे असतील तर खोकं पास. एखादा मोडला, तर नेमकं कुठं फोम कमी पडतोय ते खडूच सांगेल. खर्च दहा रुपये. माल मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला आणि एखादी कंपनी अधिकृत अहवाल मागू लागली, तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आपल्या मुंबईतच आहे, १९६६ पासून. तिथं चाचण्या करून मिळतात.

खोक्यावर खरं लिहा

आता एक नाजूक विषय. “सर, एअरगन लिहिलं की कुरियरवाला घेत नाही, म्हणून आम्ही ‘स्टील पाइप’ लिहितो.” हे अजिबात करू नका.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या बोअरच्या एअरगनला परवाना लागतो. त्याखालची परवान्याशिवाय विकता येते, पण म्हणून ती खेळणं होत नाही. एक्स-रे मशीनमध्ये बंदुकीचा आकार पाइपसारखा दिसत नाही. पार्सल अडलं की खोटं बिल तुमचं, पोलिसांचा फोन तुम्हाला, आणि विमा काढलेला असला तरी खोटी माहिती दिली म्हणून दावा नाकारला जातो. वाचवले किती? आणि घालवलं काय?

योग्य रस्ता जरा लांबचा आहे. कुरियर कंपनीला आधी विचारा, होकार लेखी घ्या, एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरी शोधा, नाहीतर मालवाहतूकवाल्याकडे जा. बिलावर खरं नाव, मॉडेल, कॅलिबर लिहा. ग्राहकाचं ओळखपत्र आणि वयाचा पुरावा घेऊन फाइलला लावा. खोकं बाहेरून मात्र साधं ठेवा. बंदुकीचं चित्र छापून चोराला आमंत्रण कशाला?

मोडलं तर कुणी भरायचं?

पावतीच्या मागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते एकदा चष्मा लावून वाचा. विमा नसेल तर कुरियरची जबाबदारी ठराविक छोट्या रकमेपुरतीच, असंच बहुधा लिहिलेलं असतं. आणि तुमची? ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. “कुरियरने मोडलं, त्यांना विचारा” हे वाक्य दुकानात बोलायला सोपं आहे, जिल्हा ग्राहक आयोगासमोर जड जातं.

म्हणून पॅक करतानाचा अखंड व्हिडिओ काढा, बंदुकीचा नंबर दिसेल असा. ग्राहकाला आधीच मेसेज करा, “दादा, उघडताना व्हिडिओ काढा, काही झालं असेल तर मी बसलोय.” महाग मालाला ट्रान्झिट विमा घ्या. आणि मोडून आलंच, तर आधी ग्राहकाचं मिटवा, कुरियरशी भांडण नंतर तुमचं तुम्ही करा. त्याने पैसे तुम्हाला दिलेत.

माझं मत सरळ आहे. ग्राहक खोकं उघडून “व्वा” म्हणेपर्यंत विक्री पूर्ण झालेली नाही. तोपर्यंत माल तुमचाच आहे, मग तो नाशिकच्या हबमध्ये असो की नागपूरच्या गाडीत. रस्ता खराब आहे, पोरं पार्सलं फेकतात, पाऊस पडतो, हे सगळं खरंच आहे. पण हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? मग तयारीही आधीच हवी.

या आठवड्याचं काम : तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूचं खोकं घ्या, आत तीन खडू चिकटवा आणि ओट्यावरून दहा वेळा पाडा. किती खडू वाचले ते खाली कमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा. शून्य वाचले तरी लिहा, लाजू नका. खडू मोडला तर रुपयाचं नुकसान आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मापाने करा!